सहा व्होल्ट

पवनीत पंखे-मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत. छापलेल्या आकड्यावर त्यांचा विश्वास नाही. नवीकोरी बॅटरीही ते आधी मीटरला लावतात. माझ्या रिमोटच्या हेलिकॉप्टरची बॅटरी आठ व्होल्टची आणि पात्यांचा कोन बदलणाऱ्या सर्वो मोटरी सहाच्या.

"एवढं चालतं," मी म्हणालो.

त्यांनी बॅटरीपासून सर्वोला जाणारी तारच कापली. "हवेत जळल्यावर बी असंच सांगान का?"

मग व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर बसवला आणि चहा संपेपर्यंत मला रिमोटच्या दांड्या हलवायला लावल्या. मीटरचा काटा सहावरून हलला नाही.

उडवायला तेही बांधावर आले. आल्याआल्या त्यांनी भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, करणाऱ्या बायांना दूरच्या बांधीत, पलीकडच्या शेतात पाठवलं.

"मिस्त्री, आता कशाची भीती?"

"माह्या मीटरवर भरोसा हाये, भाऊ. तुमच्या हातावर नाही."