फ्लेमिश पंडिताची तबकडी

दुबईत देऱ्यातलं आमचं शिपिंगचं ऑफिस बंद झालं, त्याच संध्याकाळी मी यादी करायला बसले. कोणाला फोन करायचे, कुठले खर्च थांबवायचे, आणि शेवटी, वसईला परत जायचं झालं तर काय. नवरा हॉटेलात कामाला. त्याच्या एकट्याच्या पगारात अल मनखूलच्या फ्लॅटचं भाडं आणि मुलीची शाळा निभणार नव्हती. मुलगी बारावीत होती. मधेच उठून गेलो असतो तर तिचं वर्ष बुडालं असतं. मला नोकरी लवकर हवी होती.

खाडीजवळच्या एका जुन्या घरात छोटं खासगी संग्रहालय उघडणार होतं आणि त्यांना गाईड हवे होते. मी अर्ज केला. प्रत्येक उमेदवाराला एक वस्तू आणि एक माणूस दिला होता, त्यावर बोलून दाखवायचं. माझ्या वाट्याला अ‍ॅस्ट्रोलेब आलं, म्हणजे सूर्याची उंची मोजून वेळ सांगणारं जुनं पितळी यंत्र. माणूस होता तेराव्या शतकातला एक फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, पंडित.

वाचता वाचता तो मला आवडायला लागला. तत्त्वज्ञानावर जाडजूड ग्रंथ लिहिणारा, पण हाताने काम करणारा. अरबांकडून युरोपात आलेलं हे यंत्र त्याने स्वतः बनवलं, आणि ते कसं बनवायचं हेही लिहून ठेवलं. कॅथेड्रलमधल्या गायनाची जबाबदारी त्याच्याकडे, आणि तरी स्वतःची पत्रिका स्वतःच मांडून त्यात आपल्याला नाचायला-वाजवायला आवडतं हेही लिहून मोकळा.

“चर्चचा माणूस आणि पत्रिका?” नवरा म्हणाला. “आपल्या फादरना सांगू नकोस हां.”

“फादर नोकरी देणार आहेत का मला?”

मुलीने माझं भाषण ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. “मम्मा, यू साउंड लाइक अ ग्रोसरी लिस्ट.” मग तिनेच नेटवरून अ‍ॅस्ट्रोलेबचा नमुना काढून पुठ्ठ्यावर चिकटवला. मधली तबकडी निवडली ती पंडिताच्याच गावची. “सो ऑथेंटिक!”

सराव आम्ही जेवणाच्या टेबलावर केला, एसी लावून, पडदे ओढून, ट्यूबलाइटला सूर्य मानून. यंत्राच्या पाठीवरच्या फिरत्या पट्टीच्या दोन भोकांतून उजेड सरळ आला की उंची कळते. मग वरची जाळी फिरवून त्या दिवसाचा सूर्य तबकडीवरच्या तेवढ्या उंचीच्या रेषेवर आणायचा, की वेळ मिळते. ट्यूबलाइटची उंची आम्ही सोयीने धरत होतो, त्यामुळे उत्तर दरवेळी छान येत होतं. इथे घरातून गाडीत आणि गाडीतून ऑफिसात जगणाऱ्या आम्हाला खरा सूर्य आठवलाच नाही.

मुलाखतीला दोघं होती. संग्रहालयाच्या प्रमुख एक अमिराती बाई, आणि त्यांचे भारतीय मॅनेजर. भाषण बरं चाललं होतं. बाई मधेच उठल्या. “छान. यल्ला, अंगणात चला. खरी वेळ सांगा.”

दुपार व्हायला आली होती. मी उंची मोजली, जाळी फिरवली. सूर्य त्या रेषेपर्यंत पोचेना. उलटी फिरवली, तरी तो आपला खालीच.

मॅनेजर हळूच म्हणाले, “मॅडम, घड़ी देख के बोल दो, चलेगा.”

मी घड्याळ बघितलं नाही. तबकडीच्या कडेला गावाचं नाव छापलं होतं, ते दिसलं.

“यंत्र बरोबर आहे,” मी म्हणाले, “तबकडी मी चुकीची आणली. ही त्या पंडिताच्या गावची आहे. तिथे हिवाळ्यात सूर्य एवढा वर येतच नाही. म्हणून यंत्राच्या पोटात वेगवेगळ्या तबकड्या ठेवत. दूरच्या गावी गेलं की तबकडी बदलायची, बाकी यंत्र तेच.”

“मग दुबईची कुठे आहे?”

“करायची आहे. उद्या आणते.”

“इन्शाल्लावालं उद्या,” बाई हसल्या, “की खरंच उद्या?”

“खरंच उद्या.”

घरी मुलगी रडवेली झाली. “सॉरी, मम्मा.”

“सॉरी नंतर. आधी दुबई छाप.”

या वेळी थेट गच्चीवर गेलो, वाळत घातलेल्या चादरींमधून वाट काढत. सूर्य रेषेवर बसला. घड्याळाशी थोडा फरक राहिला. सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ नेमकी एक नसते, हा मुद्दा मी भाषणात घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नव्या तबकडीवर वेळ काढून तो फरक बाईंना दाखवला आणि परत आले.

पुढच्या आठवड्यात मॅनेजरांचा फोन आला. शनिवारपासून या म्हणाले, येताना ते पुठ्ठ्याचं यंत्रही आणा.

शुक्रवारी बॅग भरताना पाकिटात तबकड्या तीन निघाल्या. तिसरी वसईची होती.

“ही कशाला?”

“जस्ट इन केस,” मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

मी तीही लॅमिनेट करून घेतली.