दोघांना दिसणारा काटा

डिंगिरीबंडा हा माझ्या अक्काचा नवरा, म्हणजे माझा मस्सिना. आमच्याकडे मस्सिनाची टिंगल केली नाही तर नातं पातळ झालं असं समजतात, तेव्हा पुढे जे सांगतो आहे त्याचा राग तो धरणार नाही. धरला तरी धरू दे.

हा माणूस जन्मभर कँडीहून नुवरएलियाच्या घाटात बस हाकत होता. त्याच्या बसच्या मीटरचा काटा हललेला कुणी पाहिला नाही. वेग किती झाला ते त्याला मागच्या बायकांच्या ओरडण्यावरून कळायचं. निवृत्त झाल्यावर आमच्या तात्तांची, म्हणजे वडिलांची, जुनी मॉरिस मायनर त्याच्या हाती आली, कारण तात्तांनी ती अक्काला ठेवली होती आणि अक्काला चालवता येत नव्हती. तिनं किल्ली दिली ती एकाच अटीवर: पस्तीस मैलांच्या वर जायचं नाही.

“बसमध्ये तुम्हाला देव सांभाळत होता,” ती म्हणाली. “इथे मी आहे.”

आता आमच्या मॉरिसची गंमत अशी, की तिचा मीटर स्टिअरिंगच्या चाकामागे नाही. समोरच्या पाटीवर बरोब्बर मधोमध, चांगल्या रोटीएवढा गोल. ड्रायव्हरला जेवढा दिसतो तेवढाच शेजारी बसलेल्या बायकोलाही. ज्या इंग्रजानं ही गाडी काढली त्याची बायको अक्काच्याच वळणाची असणार, असं मस्सिना म्हणायचा. काटा छत्तिसाला टेकला की अक्का खाकरायची, आणि घाटात ट्रकांना न घाबरलेला हा गडी मुकाट्यानं पाय उचलायचा.

दर पोयाला, म्हणजे पौर्णिमेला, दोघं गंपोळ्याहून गडलादेणियाच्या विहारात जायची. अक्का पांढऱ्या साडीत, मांडीवर कमळांचं तबक, तोंडानं पिरिताची सूत्रं. मी मागच्या सीटवर, कारण नाष्टा अक्काच्या घरी असायचा.

पुढे इंजिन थकलं. चढावर सायकलवाले आम्हाला हात करून पुढे जायला लागले तेव्हा मस्सिनाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यानं गाडी जस्टिन बासच्या हवाली केली. हा आमच्या गावचा मिस्त्री. बासनं भंगारातल्या एका जपानी गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स मॉरिसच्या पोटात बसवून दिला. गाडी पळायला लागली, पण मीटरचा काटा शून्यावर झोपला तो झोपलाच. नव्या गिअरबॉक्सची केबल जुन्या मीटरला लागेना.

बास म्हणाला, त्यात काय, जुना काढून आकडेवाला नवीन बसवू. अक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पाना खाली ठेवला. तात्तांच्या मीटरला हात लावायचा नाही, आणि तो चालत नसेल तर आपण गाडीत बसणार नाही, असं सांगून ती घरात गेली.

पुढच्या पोयाला ती तबक घेऊन निघाली ती सरळ बसथांब्यावर. बस आली, ती चढली. मस्सिना रिकामी मॉरिस घेऊन बसच्या मागे. बस थांबली की हाही थांबणार, उतरून शेजारचं दार उघडून उभा राहणार, अक्का खिडकीतून दुसरीकडे बघणार. मागच्या बाकावरच्या पोरी खिदळत होत्या. एक म्हातारी ओरडून म्हणाली, “अरे बाबा, एवढी आवडते तर भांडलास कशाला?” विहारापर्यंत असंच गेलो. मी गाडीत होतो, तरी ती त्याला रिकामीच वाटत होती.

त्यानं बासचा जीव खाल्ला. शेवटी बासनं वरची अर्धी केबल मॉरिसची आणि खालची अर्धी जपानी, अशी सांधून टाकली. काटा थरथरत वर चढला तेव्हा मस्सिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कानं किरिबत, म्हणजे सणासुदीचा दूधभात, रांधला आणि पुढच्या पोयाला ती परत आपल्या जागेवर बसली.

त्या दिवशी काटा पस्तिसावर ठेवून आम्ही कँडीची बस मागे टाकली. कँडीच्या बसला पस्तिसानं मागे टाकायचं म्हणजे एक तर बस आजारी, नाहीतर काटा. आरशात मस्सिनाचे आणि माझे डोळे भेटले, आणि मी रुमालात तोंड खुपसलं.

घरी आल्यावर त्यानं मला फणसाखाली नेऊन सांगितलं की सांधा पक्का आहे, पण जपानी गिअरबॉक्स केबल हळू फिरवतो. गाडी पन्नासाच्या पुढे असते तेव्हा काटा पस्तीस दाखवतो. मग दुरुस्त कधी करणार, मी विचारलं. तो म्हणाला, घाई काय आहे? तुझी अक्का खूश, गाडी खूश. असा खुललेला मी त्याला निवृत्तीनंतर पाहिला नव्हता. अक्का काट्याकडे बघत निवांत बसायची, झाडं भर्रकन मागे जायची.

पण एका पोयाला विहाराची पायरी आली तेव्हा अक्काचे ओठ अजून हलत होते.

“अहो, माझं पिरित राहिलंय अजून,” ती म्हणाली. “पूर्वी सगळं म्हणून व्हायचं आणि मग विहार यायचा.”

मस्सिना गाडी लावता लावता म्हणाला, “वय झालं मेणिके. जीभ जड झाली तुझी.”

पुढच्या पोयाला ती पुन्हा बसथांब्यावर उभी होती.

चोराच्या मनात चांदणं. त्याला कारण विचारायची गरजच पडली नाही. त्यानं गाडी थांब्यापाशी लावली आणि सगळ्या गावासमोर तिच्यापुढे उभा राहून कबूल केलं, की काटा खोटं बोलतो आणि आपल्याला ते ठाऊक आहे.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” अक्का म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तर तुम्ही माझी जीभ जड करून मोकळे.”

बस आली आणि ती गेली. या खेपेला तो मागे गेला नाही. माझ्या बहिणीचा नवरा म्हणून नाही सांगत, पण त्या दिवशी तो जेवला नाही, आणि मलाही घास उतरेना.

दुसऱ्या दिवशी तो कटुगस्तोटाला सलाहुद्दीन नानाकडे जाऊन बसला. नाना घड्याळंही दुरुस्त करतो आणि मीटरही. त्यानं केबलच्या मधोमध दातेरी चाकांची एक छोटी डबी घातली. केबल खालून हळू आली तरी डबी तिला हवी तेवढी भरभर फिरवते. मग मस्सिना एकटाच मैलाचं अंतर घड्याळाशी ताडून पाहत हिंडला. काटा खरा झाला हे पटेपर्यंत तो घरी आला नाही.

पोयाला त्यानं दार उघडून धरलं. अक्का क्षणभर थांबली आणि बसली. खरं पस्तीस म्हणजे काय ते आम्हाला त्या दिवशी आठवलं. कुत्री शेजारून पळत होती. अक्काचं पिरित संपलं तरी विहार दूर होता. इतक्यात कँडीची बस भोंगा वाजवत, धूर सोडत आमच्या पुढे गेली. मस्सिनानं नजर रस्त्यावरून हलवली नाही.

“जाऊ देताय तिला?” अक्का म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पाय दाबला. बस मागे पडली, आणि अक्कानं कमळांचं तबक घट्ट धरून काट्याकडे वाकून पाहिलं.

“सत्तेचाळीस,” ती म्हणाली. “खरे आहेत ना?”

“खरे.”

“मग असू द्या.”