मावशी आणि खडूचा डोंगर

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशींनी मला इतक्या वर्षांत कधी अख्खा खडू दिला नाही. मागितला की कपाटाचं कुलूप काढायच्या, डब्यातून एक खडू उचलायच्या, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध कट्‌कन मोडायच्या आणि अर्धा माझ्या हातावर ठेवायच्या.

"अर्ध्यात भागतं, मॅडम. अख्खा घेतला की निम्मा टेबलावर इसरून येता तुमी."

मी भूगोलाची शिक्षिका. म्हणायची, "मावशी, अर्ध्या खडूत आफ्रिका बसत नाही हो!"

"मग बारकी काढा की."

मी बारकी आफ्रिका काढायची.

तुमच्याही शाळेत अशी एक मावशी असणारच. घंटा तिच्या हातात, किल्ल्या तिच्या कमरेला आणि मुख्याध्यापकांचा मूड कसा आहे हेही तिलाच ठाऊक. आमच्या मावशी मुकुंदवाडीहून सिटी बसनं यायच्या. सकाळी फाटकात उभ्या राहून मुख्याध्यापकांना आणि झाडूवाल्याला एकाच आवाजात "जय भीम" घालायच्या. नवरा लवकर गेला होता. एकुलत्या एका मुलीला त्यांनी या नोकरीवर आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गात शिकवून पुढं नर्स केलं. काम नसलं की नववीच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून राहायच्या. मला वाटायचं, डुलक्या घेताहेत.

एकदा वर्गात मी सांगितलं की इंग्लंडच्या दक्षिणेला एक बेट आहे आणि तिथल्या टेकड्या खडूच्या आहेत. पोरं खो खो हसली. "मॅडम, अख्खा डोंगर खडूचा?" मी चिडले. मला चिडायला फारसं लागत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. फळ्यावरचा खडू वेगळा आणि तो दगड वेगळा, तो सागरी जीवांच्या कवचांपासून बनतो, त्यात पाणी मुरतं, वर गवताचे गोल उतार असतात, असं सगळं मी त्यांना तासभर ऐकवलं. मधल्या सुट्टीत मावशी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "खडूचे डोंगर असते तर मी कपाटाला कुलूप कशाला लावलं असतं?"

आता गंमत पाहा. आम्ही दोघी निवृत्त झालो आणि मावशींच्या मुलीला नोकरी लागली ती नेमकी त्याच बेटावर. नकाशात मी ज्या ठिकाणी काडी टेकवायची, तिथं! मुलीच्या बाळंतपणासाठी मावशी विमानात बसून निघाल्या. जाताना भेटायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "खडूचा डोंगर बघून या. खरा आहे की खोटा, ते मला कळवा."

त्या गेल्या आणि पंधरा दिवसांत मी पडले. आमच्या सिडको वसाहतीत नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे लग्नघर असतं. ड्रम भरा, टाकी भरा, बादल्या भरा. त्या गडबडीत भरलेल्या ड्रमचं पाणी फरशीवर सांडलं आणि मी त्यावरून अशी घसरले की खुब्याचं हाडच मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "चाला." मी चालेना. खरं सांगायचं तर मला भीती बसली होती. वॉकर हातात धरला की पुन्हा तो घसरण्याचा क्षण आठवायचा. व्यायाम शिकवायला एक मुलगा यायचा. त्यानं मला दोनदा "आजी" म्हटलं, तिसऱ्या दिवशी मी त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

माझे यजमान नाहीत. मुलगा पुण्याला. तो आठवडाभर राहिला, माझं करायला एक बाई लावली आणि निघताना म्हणाला, "आई, दोन महिन्यांत तू आपल्या पायांनी जिना उतरली नाहीस, तर हे घर बंद करून तुला पुण्याला नेणार. इथं एकटीला ठेवणार नाही." त्याचं चुकत नव्हतं. पण या घरात माझा संसार झाला, या गॅलरीत मी माझी माणसं आणि माझी कुंडीतली कढीपत्त्याची झाडं जपली. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर मी काय करणार होते? भिंतीकडं तोंड करून रडले त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन वाजला.

"जय भीम, मॅडम! काय ऐकते मी? पडला म्हनं?"

मी सगळं सांगितलं. पुण्याचंही सांगितलं. पलीकडं वारा घोंगावत होता. मग मावशी म्हणाल्या, "तुमचा खडूचा डोंगर खराय बरं का. हात लावला की हात पांढरा. मी आता हितं पायथ्याला हाय. आसं करू, मी डोंगर चढते, तुमी घरात चाला. मी एकटी चढायची नाय. तुमी थांबला तर मी बी थांबणार."

"अहो मावशी, तुमचं वय काय!"

"तुमच्यापेक्षा दोन वर्सांनी कमी. उठा."

आणि मी उठले! इतक्या लांब परमुलखात ती बाई माझ्यासाठी चढ चढते आहे, आणि मी पलंगावर पडून राहू? लाज वाटली. फोन गळ्यातल्या पिशवीत ठेवला, वॉकर धरला.

"मी पहिल्या वळणाला आले," मावशी धापा टाकत म्हणायच्या. "तुमी कुठं?"

"स्वयंपाकघराच्या दारात."

"बसू नका हां. मी बी बसले नाय."

रोज साडेअकराला, म्हणजे त्यांच्याकडं सकाळी सातला, हा आमचा कार्यक्रम. मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती, सकाळी बाळ तिच्याजवळ देऊन मावशी निघायच्या. पहिल्या दिवशी मी कशीबशी दारापर्यंत गेले. "अर्धंच चाला आज," मावशी म्हणाल्या, "उरलेलं उंद्या." मग बैठक, मग गॅलरी. त्यांची धाप ऐकत ऐकत मी पाऊल टाकायची. त्या लई दमल्यासारख्या वाटल्या की मीच म्हणायची, "मावशी, थांबा जरा." त्या म्हणायच्या, "थांबून कसं व्हईल? तुमी गॅलरीत पोचल्याबिगर मला वर जाता येत नाय."

वर पोचल्या की त्या मला तिथलं दृश्य सांगायच्या. "तीन अंगांनी समुद्र हाय, मॅडम. गवताचा उतार कसा गोल गोल. पाऊस पडतो पर वढा नाय कुठं, समदं पाणी खडूत मुरतं. आन मेंढ्या तर आशा जाड, की आपला धनगर बघून येडा व्हईल." मी थक्क व्हायची. सातवी शिकलेली ही बाई पाहते किती नीट!

"मावशी, तुम्हीच भूगोल शिकवायला हवा होतात."

"ऐकून ऐकून येतं," त्या म्हणाल्या.

फोटो मागितला की म्हणायच्या, "वाऱ्यानं हात हालतो." मी म्हटलं, जाऊ दे.

दोन महिने भरायला चार दिवस उरले होते, तेव्हा मी कठड्याला धरून जिना उतरले. खाली फाटकाला हात लावून मुलाला फोन केला. तो नुसता नाक ओढत राहिला. पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

मावशी परत आल्या. माझ्यासाठी रुमालात बांधून त्या दगडाचा एक तुकडा आणला होता. "वरचा आणलात का?" मी विचारलं. "वरचं उचलायचं नाय म्हून पाटी लावलीय," म्हणाल्या. मी किती उत्साहात होते! म्हटलं, आता आपण दोघी गोगाबाबा टेकडी चढू, वरून अख्खं शहर दिसतं. त्या हो म्हणायच्या आणि टाळायच्या. आज ऊन हाय, आज वारा हाय, आज पाव्हणे आलेत. शेवटी मी टोमणा मारला, "परदेशी डोंगर चढून आलेल्या बाईला आमची टेकडी कशाला आवडेल!" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुमी जा, आन मला सांगा काय दिसतं ते." मी एकटीच, थांबत थांबत चढून आले. पण त्यांच्यावर थोडी फुरंगटलेच होते.

या हिवाळ्यात मावशी गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. मुकुंदवाडीच्या त्या गल्लीत गाडी जात नाही. मी पायी गेले, आणि अंत्ययात्रेतही शेवटपर्यंत पायीच गेले.

महिन्याभरानं त्यांची मुलगी घर आवरून मला भेटायला आली. मी तिचा हात धरून म्हटलं, "तुझ्या आईनं रोज डोंगर चढून मला उभं केलं गं. तिचे उपकार कसे फेडू?"

ती म्हणाली, "मॅडम, आई कधी वर गेलीच नाही. गुडघे दोन्ही झिजले होते तिचे. बसमधून उतरून पायथ्याच्या बाकापर्यंत जाताना दोनदा थांबायची."

"मग ते वरचं दृश्य? तो तीन बाजूंचा समुद्र?"

"ते तुमचंच आहे. नववीच्या वर्गाबाहेर बसून ऐकलेलं. रात्री मला विचारायची, मॅडम अजून काय सांगायच्या गं, गवताचं अजून काय होतं?"

पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला सांगू. साठीच्या बाईला असं फसवायचं? मग मी मारलेला तो टोमणा आठवला आणि मला रडूच आवरेना. आयुष्यभर डोंगर शिकवले मी, आणि शेजारी बसलेल्या बाईचे गुडघे मला दिसले नाहीत.

"आणि ती धाप?" मी विचारलं.

मुलगी रडता रडता हसली. एकदा तिनं मागून हळूच व्हिडिओ काढला होता, तो तिनं मला दाखवला. पांढऱ्या डोंगराच्या पायथ्याला बाक. त्यावर मावशी, साडीवर स्वेटर, कानाला माकडटोपी. फोन तोंडाशी धरून जोरजोरात धापा टाकताहेत. मध्येच थांबल्या, थर्मासमधला चहा घोटभर प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा धापा सुरू. तेवढ्यात फोनमधून माझा आवाज आला, "मावशी, आले मी! गॅलरीत आले!"

मावशींनी फोनवर तळहात दाबला. मागं वळून मुलीला पाहिलं. डोळे भरून आले होते.

"चालली गं," त्या म्हणाल्या, "माझी मॅडम चालली."