ताठबोट्या अनाक्लेतो

अनाक्लेतोच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट वाकत नसे. पाव तोडताना, पत्ते पिसताना, चर्चमध्ये क्रूस काढताना ते एकटं ताठ उभं असायचं. आमच्याकडे चहाडखोराला, म्हणजे बोट दाखवून दुसऱ्याला पकडून देणाऱ्याला, ताठबोट्या म्हणतात. तेव्हा त्याला दुसरं नाव पडणं शक्यच नव्हतं. तोही हसायचा. "ताठबोट्या आला रे, पत्ते लपवा!" असं कोणी ओरडलं की ते बोट नाचवत तो खुर्ची ओढायचा. ही साठ-बासष्ट सालची गोष्ट. लष्कराचं राज्य अजून यायचं होतं, त्या शब्दावर तेव्हा हसता येत होतं.

ते बोट कसं ताठलं हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. रिओच्या ओलारिया भागातल्या रेकॉर्डच्या कारखान्यात तो दाबयंत्रावर होता आणि मी समोरच तपासणीच्या टेबलावर. काळा गरम गोळा साच्यात ठेवायचा, वर-खाली कागदी लेबल लावायचं, साचा मिटायचा, अर्ध्या मिनिटात रेकॉर्ड तयार. एकदा लेबल वाकडं बसलं म्हणून त्याने हात घातला आणि साचा मिटला. त्याचा हात मी माझ्या एप्रनमध्ये गुंडाळला. तो एप्रन पुन्हा काही धुऊन निघाला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जशी वागले तशी काही अजाणतेपणी वागले नाही.

एकाहत्तर साली झुसाराची रेकॉर्ड आमच्याकडे दाबायला आली. झुसारा आमच्याच वस्तीतली, कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी. रेकॉर्डचं नाव होतं 'दोरीवरचे कपडे'. बारा गाणी, सगळी तिच्या आईच्या परसात बसून म्हटलेली. मोठ्या वाद्यवृंदाचा पत्ता नाही. बादलीवरचा ठेका, आगपेटीची खुळखुळ आणि मध्येच भुंकणारं शेजारचं कुत्रं. कंपनीचे लोक म्हणे कुत्र्याचा आवाज काढून टाका म्हणत होते. झुसारा म्हणाली, कुत्रं गेलं तर मीही जाईन. आपलं परस असं जसंच्या तसं रेकॉर्डवर येऊ शकतं हे आम्हाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवसांत रिओभर तेच वाजायला लागलं.

सातवं गाणं सात सदऱ्यांचं होतं. धोबीण सात सदरे वाळत घालते, सहा जण येऊन आपापला घेऊन जातात, सातवा वाळून कडक होतो तरी नेणारा येत नाही. सरकारी तपासनिसाने ते साधं धुण्याचं गाणं समजून शिक्का मारून दिला होता. आमच्या वस्तीत मात्र पहिल्याच दिवशी ते लागलं तेव्हा लोकांनी रेडिओचा आवाज बारीक केला. कोणाकोणाचा सदरा न्यायला पोलिसांनी उचललेला माणूस परत आलेला नाही, हे प्रत्येकाला पाठ होतं.

तीन आठवड्यांनी कारखान्याच्या फाटकात पोलिसांची करडी गाडी येऊन उभी राहिली. गाण्यावर बंदी, रेकॉर्डवरही बंदी. पाकिटं जाळायची, रेकॉर्डचा चुरा करायचा. त्या चुऱ्यातून मग एका पाद्रीबाबांच्या जपमाळेच्या प्रार्थना दाबायच्या, असं वरून ठरलं. झुसारा आधी चिलीला गेली, मग कुठे ते कळलं नाही. आणि टेबलावर एकच प्रश्न उरला: सांगितलं कोणी?

माझ्या शेजारी ओदेते बसायची. तिची जीभ तिच्या हातांपेक्षा जलद चालायची.

"आपल्या कारखान्यातल्या चौघांना चौकीत नेलं ना? तिघं दुसऱ्या दिवशी आले, तोंडं सुजवून. आणि तुझा ताठबोट्या? जेवणाच्या सुट्टीआधी हजर! अंगावर साधा ओरखडा नाही."

"माझा कशाला? आणि नशीब असेल त्याचं."

"चौकीत नशीब कोण विचारतं गं? त्याच्याकडे नवा फ्रिज आलाय, पाहिलास? आणि सगळे गेल्यावर दोन दिवस हा मागे थांबला होता. चुरा करायला म्हणे. माणूस इतक्या आवडीने चुरा करतो का?"

त्या दिवसापासून मीही बघायला लागले. तो कोणाशी बोलतो, कुठल्या वाटेने घरी जातो. तो गप्प बसला तर मला वाटायचं, लपवतोय. बोलला तर वाटायचं, काढून घेतोय. तो टेबलाजवळ आला की आम्ही बायका एकदम भाजीच्या भावाचा विषय काढायचो. पुढेपुढे तो डबा घेऊन यंत्राशीच उभ्याने जेवायला लागला. काळा घेवडा आणि भात, ताठ बोटाने चमचा सावरत. तेही मला संशयास्पदच वाटलं.

खरी गोम पुढेच होती. माझी दाल्वा दोन महिन्यांची होती आणि तिचा धर्मपिता अनाक्लेतो होणार हे ती पोटात असल्यापासून ठरलेलं होतं. आमच्यात धर्मपिता म्हणजे नुसता मान नव्हे. आईबाप गेले तर पोर त्याच्या घरी जातं, आणि आईबापांचं त्याच्याशी जन्माचं नातं लागतं, एकमेकांना व्याही-विहीणबाई म्हणण्याचं. अशा दिवसांत ताठबोट्याच्या हातात पोर द्यायची? माझा नवरा तिबुर्सियो म्हणाला, "तूच ठरव, तूच ओळखतेस त्याला." म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

मी फाटकाशी त्याला गाठलं आणि धडधडीत खोटं बोलले. "तिबुर्सियोचा भाऊ हटून बसलाय रे. त्यालाच धर्मपिता करावं लागतंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "बरं," म्हणाला. "पोरीला काही दिलं तर चालेल ना?"

"कशाला उगाच."

बाप्तिस्म्याला तो आला नाही. आम्ही चर्चमधून परतलो तर दाराशी तपकिरी कागदात बांधलेली रेकॉर्ड ठेवलेली. आत साधं पांढरं पाकीट, मधल्या गोल भोकातून लेबल दिसत होतं: जपमाळेच्या प्रार्थना. सोबत चिठ्ठी होती. 'पोरीसाठी. नीट बघून घे. अनाक्लेतो.'

बघून घे! मला ती धमकी वाटली. वर प्रार्थना पाठवतोय, म्हणजे स्वतःची पापं माझ्या घरात आणून धुतोय. मी ती रेकॉर्ड पाकिटातून बाहेरही काढली नाही. कपाटावर टाकली आणि वर जुन्या चादरी रचल्या. ओदेतेलाही तशीच एक मिळाली होती. तिने ती गरम पाण्यात मऊ करून, भांड्यावर दाबून तिची फळांची परडी केली आणि सगळ्या टेबलाला कौतुकाने सांगितलं. अशी प्रार्थनांची रेकॉर्ड बऱ्याच जणांना मिळाली होती असं नंतर कानावर आलं. आम्ही त्यावरही हसलो.

वर्षभराने अनाक्लेतोने कारखाना सोडला. तीन गल्ल्या पलीकडेच राहायचा, पण त्याची गल्ली आली की मी पदपथ बदलायचे.

ऐंशी साल उजाडलं. तोवर सरकारविरोधकांना माफी देणारा कायदा झाला होता, देश सोडून गेलेली माणसं हळूहळू परतत होती. दाल्वा नऊ वर्षांची झाली, चर्चमध्ये तिचा पहिला प्रसाद घ्यायचा दिवस जवळ आला होता. एके दुपारी ती म्हणाली, "आई, बाईंनी जपमाळ पाठ करायला सांगितलीय. आपल्याकडे रेकॉर्ड आहे ना कपाटावर?"

"आहे. लाव, पण शेजारी ऐकू जाईल इतकी मोठी नको लावूस."

मी कांदा चिरत होते. आधी खरखर, मग बादलीवर ठेका, मग आगपेटी. मग कुत्रं भुंकलं.

"आई," दाल्वा ओरडली, "पाद्रीबाबांनी कुत्रा पाळलाय का?"

सुरी कुठे पडली मला आठवत नाही. मी सुई उचलली, रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली. लेबलाच्या कडेला, जिथे रेघा संपतात, तिथे साच्याचा नंबर कोरलेला असतो. दिवसाला हजार रेकॉर्डवर तो नंबर वाचणं हेच माझं काम होतं. लेबल चुकू शकतं, नंबर चुकत नाही, हे मी नव्या मुलींना शिकवायचे. आणि हा झुसाराच्या रेकॉर्डचा नंबर मला तोंडपाठ होता. नीट बघून घे! तपासणीच्या टेबलावर आम्ही दिवसभर एकमेकींना तेवढंच तर म्हणायचो.

तशीच ओदेतेकडे गेले. परडीतली केळी खाली ओतली, परडी खिडकीशी धरली. वाकड्यातिकड्या झालेल्या रेघांच्या शेवटी तोच नंबर होता. ओदेते मटकन खाली बसली.

"मला काय ठाऊक! त्याने सांगायचं नाही का?" ती रडायला लागली. मी तिला उठवलं नाही.

अनाक्लेतो अंगणात कॅनरीचा पिंजरा साफ करत होता. खूप म्हातारा झाला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "लावलीस?"

"आज लावली."

"आज." त्याने पाण्याची वाटी आत सरकवली. "साचे तोडायच्या आधी दोन संध्याकाळी मिळाल्या. प्रार्थनांची लेबलं लावून तेवीस दाबल्या आणि त्या कारखान्यातल्या आपल्याच लोकांत वाटल्या. म्हटलं, ही माणसं रेकॉर्ड हातात आली की लेबल बघत नाहीत, नंबर बघतात. एकानेही येऊन काही म्हटलं नाही."

"आम्ही ऐकल्याच नाहीत रे."

"मला काय माहीत! मला वाटलं, ऐकल्या आणि घाबरले. आता यांतला कोणी ना कोणी जाऊन सांगणार. दारात गाडी थांबली की मी बूट घालून बसायचो. नऊ वर्षं." त्याने पिंजऱ्याचं दार लावलं. "सगळ्यांत जास्त भीती तुझी वाटायची. घरात तान्हं मूल. म्हटलं, पोरीच्या काळजीने ही नक्की जाईल चौकीत."

"मी?" माझा आवाज चढला. "मी चहाडी करीन असं वाटलं तुला? मला ओळखत नव्हतास तू?"

मलाच माझे शब्द ऐकू आले आणि तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. त्याच्या मागे स्वयंपाकघरात तो फ्रिज घरघरत होता. तो कुठून आला हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. खरं सांगते, इतकं सगळं झाल्यावरही आलं होतं. मी विचारलं नाही. मला आजही माहीत नाही. गाण्याचं कोणी सांगितलं तेही माहीत नाही. कदाचित कोणीच नसेल. रेडिओवर वाजत होतं, कान त्या लोकांनाही होते.

बाप्तिस्मा पुन्हा होत नाही. पण जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाला आमच्या गल्लीत होळी पेटते, आणि तिच्या साक्षीने जन्माचं नातं लावता येतं. दोघांनी आगीच्या दोन बाजूंना उभं राहायचं, वरून हात धरायचे, ठरलेले शब्द म्हणत तीनदा जागा बदलायच्या. चर्चमध्ये लागणारं तेच नातं, फक्त पाद्री नाही. मी निरोप धाडला. येईल असं वाटलं नव्हतं.

सूर्य मावळता मावळता तो आला, इस्त्रीचा सदरा घालून. शेंगदाण्याची चिक्की खात पोरं बाजूला झाली. ओदेते आलं घातलेली गरम दारू वाटत होती, ती थांबली. दाल्वाने आतून झुसाराची रेकॉर्ड लावली होती, आवाज मोठा करून. सगळी गल्ली बघत होती. मी आगीवरून हात पुढे केला. त्याची बोटं माझ्या हातावर मिटली. एक तेवढं मिटलं नाही. ते सरळ माझ्या छातीकडे रोखून राहिलं.

मला शब्द आठवेनात.

"त्याचं मनावर घेऊ नकोस, विहीणबाई," तो म्हणाला. "ते सगळ्यांकडेच दाखवतं."