माझे बेडूकमासे म्हणजे विनोद नव्हे

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने 'सुमीच्या बेडकांचा' किस्सा टाकला. सगळे खो खो हसले. माझं डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून खरं काय झालं ते सांगते.

सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात भवानी पेठेत राहायचो. परसातल्या छोट्या तळ्यात मी बेडूकमासे वाढवले होते. रोज उकडलेला पालक घालायची. त्यांना मागचे पाय फुटले, मग पुढचे. शेपट्या आखूड होत चालल्या होत्या.

एका दुपारी काकांनी सूत रंगवून उरलेलं पाणी सरळ तळ्यात ओतलं. लाल पाण्यावर सगळे उलटे तरंगले.

मी किंचाळले, "काका, मारलंत की सगळ्यांना!"

"बेडकंच हायत की! लई लाडावलीय पोरगी," म्हणत त्यांनी माझ्याच थोबाडीत मारली. घरात कोणी त्यांना एक शब्द बोललं नाही.

आज मी ग्रुपवर विचारलं, "यात हसण्यासारखं काय आहे?"

भाऊ म्हणतो, "अगं, गंमत केली. किती मनाला लावून घेतेस?"

इतकी वर्षं ह्यांची गंमतच चाललीय! तुमचं रडणंही घरात असंच किस्सा म्हणून सांगतात का? तेव्हा तुम्ही हसता की भांडता? मी आज भांडले.