टेनिसच्या जाळीला धाकूमामांचं ठिगळ

टेनिसची जाळी मी फाडली, हे आधीच कबूल करतो. ताडपत्रीची दोरी मी जाळीतून ओवून टेम्पोच्या हुकाला बांधलेली. टेम्पो चहा आणायला निघाला तो जाळीचा मधला भाग सोबत घेऊन गेला.

साल एक्याण्णव. ठाण्यातल्या एका क्लबच्या कोर्टवर सिनेमाचं शूटिंग चाललेलं. दोन नामांकित टेनिसपटू एकमेकांना हरवता हरवता प्रेमात पडतात, अशी गमतीची गोष्ट. मी टिटवाळ्याच्या शाळेतून थेट चित्रपटसृष्टीत दाखल झालेलो, म्हणजे खुर्च्या उचलत होतो. शेवटचा सीन त्याच दिवशी उरकायचा होता. हिरॉईन उद्या परदेशी चाललेली. डायरेक्टर म्हणाले, "पाचपर्यंत जाळी उभी नसेल, तर तूही इथे उभा राहू नकोस."

मी खाडीकाठची कोपरी गाठली. तिथे धाकूमामा कोळी दारात बसून लोकांची जाळी सांधायचे. खाडीतली मासळी आटली, होडी विकली, पण हात थांबले नव्हते.

"मासली केवढी?" त्यांनी विचारलं. मी खिशातला चेंडू दिला.

"अडकवायची का परतवायची?"

टेनिस मला तेव्हा चेंडूच्या रंगापुरतं माहीत होतं. "अडकवायची," मी ठोकून दिलं.

शेवंतीमामी आतून म्हणाल्या, "म्हातारा चेंडू धराया निघाला! आज कालवण त्याचंच करू का?"

"तू दोरा घे नि चल, शेवंते. तुझ्याबिगर गाठ बसायची नाय."

मजुरी क्लबाने द्यायची ठरली. माझ्याकडून मात्र मामांनी वचन घेतलं: याच सिनेमाची बाल्कनीची दोन तिकिटं. मामींना त्यांनी कधी सिनेमाला नेलं नव्हतं.

कोर्टवर जाळीच्या एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला मामी. लाकडी सुई इकडून तिकडे, आणि टोमणेही. पाचाला दहा कमी असताना मामा उठले. "लाव तुझा क्यामेरा. ही गाठ आता सुटत नाय."

सीन असा होता: हिरॉईन प्रेमापोटी शेवटचा चेंडू मुद्दाम जाळीत मारते, चेंडू खाली पडतो, हिरो जाळीवरून उडी मारून येतो. तिने मारला. चेंडू मामांच्या विणीत अर्धा शिरला आणि तिथेच बसला. खाली काही पडेना.

हिरो उडी विसरून चेंडू ओढायला लागला, पलीकडून ती ढकलायला लागली. निघेना. दोघं हसायला लागले, अगदी खरं. डायरेक्टर 'कट' म्हणालेच नाहीत. नंतर म्हणाले, "हेच ठेवायचं." माझी खुर्च्यांवरची नेमणूक कायम झाली.

"बोललो होतो, अडकवीन," धाकूमामा म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलंच नाही.

सिनेमा तीन वर्षं डब्यात राहिला. मग डोंबिवलीत एकच आठवडा लागला, तोही मला शेवटच्या दिवशी कळला. मी धावत जाऊन एकटाच पाहून आलो आणि कोपरीला कबुली द्यायला गेलो.

"गाठ दिसली का?" मामांनी विचारलं.

"पडदाभर दिसली."

"मग झालं," ते म्हणाले. आतून मामींचा आवाज आला, "झालं कसं? आमची तिकिटं?"

अजूनही कोपरीत दिसलो की मामा लांबूनच दोन बोटं वर करतात.