वाणात गेलेला पिस्टन

सरमंडलांच्या घरात तीन पिढ्या कुणी हाताला शाईखेरीज दुसरं काही लागू दिलं नव्हतं. पणजोबा दफ्तरात, आजोबा दफ्तरात, वडीलही दफ्तरात. संस्थान जाऊन मध्यभारत आला तरी वडिलांची खुर्ची हलली नाही, नुसती दारावरची पाटी बदलली. अशा घरात अच्युत निघाला टर्नर. मिलच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर लेथपुढे उभा राहायचा आणि घरी आला की मोरीत अर्धा तास हात घासायचा. नखांतलं काळं तरीही जायचं नाही.

"मुलगा मिलमध्ये आहे एवढंच सांगितलं होतं आम्हांला," शारदेची आई अजून म्हणायची. "मिलमध्ये म्हणजे वाटलं, पंख्याखाली."

शारदेला त्या काळ्या नखांचं काही नव्हतं. तिचं भांडण होतं नवऱ्याच्या 'हं'शी. अच्युत कामात असला की जगातल्या कुठल्याही प्रश्नाला 'हं' म्हणे. भाजीत मीठ जास्त झालं का? हं. कमी झालं का? हं. तुमच्या बहिणीच्या घरी आग लागली आहे, जायचं ना? हं. हा शेवटचा प्रश्न तिनं एकदा मुद्दाम विचारून पाहिला होता.

त्रेपन्न सालच्या थंडीत त्याच्या हातातलं काम आकारानं हरभऱ्यापेक्षा थोडं मोठं होतं. जुन्या सरदार घराण्यातले प्रतापराव म्हणून एक गृहस्थ होते. जहागीर गेली होती, पण षौक जागच्या जागी होते. त्यांच्याकडे विलायतेहून आणलेली वीतभर लांबीची मोटार होती. खेळण्यातली म्हणावी तर तिला खरं इंजिन, त्यात खरं तेल. मैदानात खुंटा ठोकून तारेनं बांधली की ती खुंट्याभोवती अशी किंचाळत फिरायची की कुत्री गल्ली सोडून जात. तिचा पिस्टन तडकला. कारखान्याला पत्र टाकलं, तर उत्तर आलं, सहा महिने लागतील. हे दुखणं प्रतापरावांनी क्लबात मिलच्या इंजिनियरसाहेबांना सांगितलं आणि साहेब म्हणून गेले, "हात्तिच्या, माझ्या मिलमध्ये होईल. सव्वीस जानेवारीला आमच्या मैदानात पळवूच तिला."

बोलून बसल्यावर साहेबांनी वर्कशॉपमध्ये येऊन ती मोटार टेबलावर ठेवली. टूल-रूममधली एक जागा रिकामी होती. जो हा पिस्टन करील त्याची ती, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

टूल-रूम म्हणजे काय हे शारदेला पाठ होतं. तिथे खिडकी होती. तिथे बारीक, नव्या नव्या वस्तू घडवायच्या. बाहेर मागाचे बोल्ट कातायचे. कालही बोल्ट, आजही बोल्ट, रिटायर होताना गळ्यात हार पडेल तेव्हाही हातात बोल्ट. अच्युत बारा वर्षं बोल्ट कातत होता. झोपेत बोलायचा तेव्हाही बोल्टबद्दलच बोलायचा.

त्याच्या शेजारच्या लेथवरच्या गजाननानं दोन दिवसांत हात टेकले. "भिया, ये तो सुनार का काम है," असं म्हणून तो कचोरी खायला निघून गेला. अच्युत मात्र चिकटला. मागाच्या एका फुटक्या भागातून बिडाचा तुकडा कापून घेतला. शिफ्ट सुटल्यावर लेथवर कातायचा आणि घरी आणून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून, तेल आणि बारीक पूड घालून सिलिंडरमध्ये घासत बसायचा. पिस्टन म्हणजे बुडाला बंद अशी एक इवलीशी वाटी, पिनेसाठी दोन्ही बाजूंना भोक पाडलेली. करंगळीच्या टोकावर टोपीसारखी बसेल एवढी.

"जमला हे कसं कळतं हो?" शारदेनं एकदा विचारलं. या एका प्रश्नाला 'हं' आलं नाही.

"हे बघ," त्यानं सिलिंडरची नळी तिच्या हातात दिली. "वरून सोडला तर आपल्या वजनानं सावकाश उतरायला हवा. तूप उतरतं तसा. धपकन पडला तर ढिला. अडकला तर घट्ट. आणि खालचं तोंड बोटानं बंद केलं की जागच्या जागी थांबायला हवा. मग वर ओढून काढला की आवाज येतो, पुक्."

"पुक्?"

"पुक्. फुस्स आलं तर वाया."

नऊ पिस्टन फुस्स झाले. शारदा ते घासूनपुसून खिडकीतल्या पितळी डबीत ठेवायची, कारण चकचकीत वस्तू फेकून देणं तिच्या रक्तात नव्हतं. तेरा जानेवारीला दहावा झाला. तो किंचित घट्ट होता. "केसाचाही दहावा भाग," अच्युत म्हणाला, "उद्या-परवा शेवटचा हात मारतो." आणि त्यानंही तो त्याच डबीत ठेवला. कारण डबी जवळ होती. नवरे वस्तू जिथे ठेवतात त्याला याहून दुसरं कारण नसतं.

पंधराला शारदेकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण काय लुटायचं याचा तिला आठ दिवस घोर होता. सियागंजच्या घाऊक बाजारातल्या कंगव्यांना बायका गेल्या वर्षीच हसल्या होत्या. सकाळी तिनं डबी उघडली, तर आत इवल्या इवल्या झगझगीत वाट्या. मोजल्या, दहा. बोलावलेल्या बायकाही दहा. तिला हा शकुनच वाटला.

अच्युत भिंग लावून, कामासाठी घरी आणलेल्या प्रतापरावांच्या मोटारीचं चाक तपासत होता.

"अहो, या डबीतले सगळे वाया गेलेलेच ना? देऊन टाकू?"

"हं," अच्युत म्हणाला.

आता एक अडचण होती. बीड म्हणजे शेवटी लोखंडच, आणि लोखंड शनीचं. सवाष्णींना संक्रांतीला लोखंड द्यायचं म्हणजे तोंडानं तिळगूळ आणि हातानं साडेसाती. वाण हातात पडताच पद्मजेनं, म्हणजे शेजारणीनं, वाटी नखानं वाजवत विचारलं, "कशाची गं?" त्यावर शारदेच्या तोंडून निघून गेलं, "जर्मन सिल्व्हर."

दहाही बायका खूश होऊन गेल्या. अत्तराला होईल, कुंकवाला होईल, उदबत्ती खोचायला होईल. या वाटीला दोन्ही बाजूंनी भोकं का, हे कुणी विचारलं नाही. फुकटच्या जर्मन सिल्व्हरला भोकं असायचीच.

संध्याकाळी अच्युतनं डबी उघडली. आत बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं डबी उपडी करून झटकली.

"शारदा, दहावा कुठे?"

"दहाही दिले. तुम्हीच तर हं म्हणालात."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं भिंग रिकाम्या डबीत ठेवलं आणि झाकण लावलं. पुन्हा करायला बीड नव्हतं, दिवसही नव्हते. आणि दहावा कसा साधला हे त्याचं त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. "जाऊ दे," तो म्हणाला, "बोल्ट काय वाईट आहेत?" हे वाक्य शारदेला बहिणीच्या घरच्या आगीपेक्षा जास्त लागलं.

वाण परत मागत नाहीत. हे काही कुठे लिहिलेलं नाही, पण त्याहून पक्कं आहे. आणि पुरुषानं दारोदार जाऊन 'वहिनी, जरा तुमचं वाण दाखवा' म्हणायचं, तर टूल-रूमऐवजी त्याला थेट पोलीस चौकीत जागा मिळाली असती. तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर शारदेनं सिलिंडरची नळी रुमालात गुंडाळली, बटव्यात घातली, बटवा कंबरेला खोचला आणि निघाली.

जुन्या इंदुरातल्या त्या चार गल्ल्या तिनं तीन दिवसांत पालथ्या घातल्या. युक्ती साधी होती. बसायचं, गराडू, म्हणजे थंडीतल्या कंदाचे काप, तळले असतील तर खायचे, मग म्हणायचं, "बघू गं ती वाटी, धार राहिली की काय ते बघते, लेकराबाळांचं घर." यजमानीण चहा टाकायला आत गेली की पदराआड नळी काढायची, वाटी सोडायची, बोट लावायचं, ओढायचं. फुस्स.

पद्मजेकडे फुस्स. तिनं नेमकं चहा घेऊन येताना पाहिलं.

"काय गं करतेस?"

"काही नाही. जर्मन सिल्व्हर आहे ना, माप बघतेय."

"तू बरी आहेस ना, शारदा?"

मंजिरीकडे वाटीच नव्हती. तिनं ती परस्पर स्वतःच्या हळदीकुंकवात चारुलतेला खपवली होती, आणि वर शारदेलाच म्हणाली, "तुझी आठवण म्हणून जपून ठेवलीय कुठेतरी." गल्लीत खरं काय ते कळल्यावर शारदा चारुलतेकडे गेली. फुस्स. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ झाले, नऊही फुस्स. तिच्या बोटाच्या टोकाला आता नुसत्या स्पर्शानं कळायला लागलं होतं, नळीत सोडायच्या आधीच. अच्युतला हे सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे भिंग काढून पाहिलं.

उरल्या अंबिकाकाकू. गल्लीतल्या सगळ्यांत वडील, सोवळं-ओवळं सगळ्यांत कडक पाळणाऱ्या, आणि जिभेला धार अशी की सुपारी फोडायला अडकित्ता लागू नये. त्यांना वाटीचं विचारल्यावर त्यांनी नुसतं देवघराकडे बोट दाखवलं. रांगता बाळकृष्ण चौरंगावर बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट म्हणून अच्युतचा दहावा पिस्टन होता. चपखल. भोकातून मोरपिसाचा तुरा खोचलेला.

शारदेनं हात जोडले. देवाला जोडले की पिस्टनला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

देवाला वाहिलेलं काढून न्यायचं कसं? तिनं तऱ्हेतऱ्हेनं बोलून पाहिलं. मुकुट लहान पडतो का, कपाळाला टोचतो का, चांदीचा करून देऊ का. काकू 'छान दिसतो गं' यापलीकडे जाईनात. शेवटी एकच वाट उरली. लोखंड आहे म्हटलं तर काकू क्षणभरही देवाच्या डोक्यावर ठेवणार नाहीत. पण मग शारदा सरमंडलनं दहा सवाष्णींना लोखंडाचं वाण दिलं आणि वर खोटं सांगितलं, हे उद्या सकाळी पोह्यांबरोबर घरोघर वाढलं जाणार. तिच्या डोळ्यांपुढे एक क्षण गल्ली आली आणि एक क्षण 'बोल्ट काय वाईट आहेत' म्हणणारा नवरा.

"काकू," ती म्हणाली, "ते जर्मन सिल्व्हर नाही. बीड आहे. मोटारीच्या इंजिनाचा पिस्टन आहे तो."

काकू वाती वळत होत्या. वात पुरी वळून झाल्यावर त्या बोलल्या.

"जर्मन सिल्व्हरला गंज चढतो होय गं? पहिल्याच दिवशी स्नान घातलं, तर दुसऱ्या दिवशी देवाच्या कपाळावर तांबूस ओघळ. मी काय कालची आहे? म्हटलं, सरमंडलाच्या सुनेनं लोखंड खपवलं."

"मग काढलं नाहीत?"

"का काढू? त्याच्या मामानं त्याचं काय काय केलं, ते सगळं पचलं त्याला. टोपीभर लोखंडानं काय होतंय? रोज चुलीची वस्त्रगाळ राख आणि खोबरेल लावून घासते, आतबाहेर. बघ कसा लखलखतोय."

शारदेला वाटलं, रोज राखेनं घासते म्हणजे संपलंच. तिनं परवानगी मागून मुकुट उतरवला, नळी काढली आणि देवासमोरच वरून सोडला.

तो तूप उतरावं तसा उतरला. तिनं खाली बोट लावलं. थांबला. ओढला.

पुक्.

"काय म्हणाला गं?" काकूंनी विचारलं.

"हो म्हणाला," शारदा म्हणाली. केसाचा तो दहावा भाग काकूंच्या राखेनं काढला होता.

काकूंनी पिस्टन दिला, पण अट घातली. देव बोडका राहणार नाही. नवा मुकुट हवा, पितळेचा, पाकळ्यांचा, आणि माप देवाच्या डोक्याचं घ्यायचं, अंदाजपंचे नाही. तोवर बाळकृष्णाला लोकरीची टोपी.

सव्वीस तारखेला मिलच्या मैदानात मोटार किंचाळली, खुंट्याभोवती फिरली, आणि झेंड्याला सलामी द्यायला उभे असलेले दोन चौकीदार ती जवळ येताच रांग मोडून पळाले. प्रतापराव लहान पोरासारखे टाळ्या वाजवत होते. इंजिनियरसाहेबांनी अच्युतला बाजूला घेतलं. शेवटची फिनिशिंग कुठल्या पेस्टनं केली, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. अच्युत सरमंडल खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. ते खातं बायकोकडे होतं.

"चुलीची राख, साहेब. आणि खोबरेल."

साहेबांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं.

गल्लीनं शारदेला सोडलं नाही, हे सांगायला नको. रथसप्तमीपर्यंत ती जिथे जिथे हळदीकुंकवाला गेली तिथे कुणीतरी विचारायचंच, "शारदाबाई, बसा ना. खुर्ची जर्मन सिल्व्हरची आहे." मंजिरी सर्वांत जास्त हसायची. मग एकदा शारदेनं तिला सगळ्यांदेखत विचारलं, "तुझी वाटी कुठे गं?" तेव्हापासून ती जरा कमी हसायला लागली.

टूल-रूमच्या खिडकीशी बसून अच्युतनं जे पहिलं काम केलं त्याची मिलच्या कागदांत कुठेच नोंद नाही. पितळेचा मुकुट, पाकळ्या आठ. तो घेऊन दोघं अंबिकाकाकूंकडे गेली. अच्युत देवासमोर बसून, भिंग लावून, मुकुट बसतो का बघत होता.

"हा तरी नक्की पितळेचा ना रे?" काकूंनी विचारलं.

"हं," अच्युत म्हणाला.

शारदेनं त्याच्या हातातून मुकुट काढून घेतला आणि कंबरेच्या बटव्यातून लोहचुंबक बाहेर काढला.